आधी उचलायचा मान

"वाटं बाईंनी घालायचं, आणि आधी उचलायचं सायबांनी," तातोबा म्हणाला. "आमच्यात भाऊ भाऊ वेगळं होत्यात तवा असंच करत्यात. घालणारा लबाडी करत न्हाई, कारण उचलणारा दुसरा असतोय. मान्य हाय का दोघांस्नी?"

श्रीरंग हसला. त्याचं ते हसणं मला अकरा वर्षं आवडत आलं होतं. आता ते पाहून हातातलं, माश्यांना धूर द्यायचं धुराडं त्याच्या तोंडावर मारावंसं वाटलं.

"मला चालेल," तो म्हणाला. "नीलूलाच घालू दे वाटे. मला कसली घाई नाही."

"मलाही चालेल," मी म्हणाले.

तातोबा आमचा जागामालक. आजऱ्याच्या पुढे जंगलाला लागून त्याचा मोठा डोंगरउतार होता, तो माझ्या नावानं भाड्यानं घेतलेला. त्यावर पत्र्याची एक शेड आणि आमच्या मधमाश्यांच्या पेट्या. मध काढून विकायचा, आणि बहर धरला की पेट्या बागायतदारांना भाड्यानं द्यायच्या, म्हणजे माश्या फुलांवर फिरतात आणि फळ चांगलं धरतं, असा आमचा धंदा. पेट्यांचं सगळं मी बघायची. मध विकणं, गाडी पळवणं, लोकांशी गोड बोलणं हे श्रीरंगकडे.

आमचं लग्न झालेलं नव्हतं. ते नको होतं श्रीरंगला. "लग्न म्हणजे काय गं, एक सरकारी शिक्का," असं तो पुण्यात असताना म्हणायचा, आणि मी चोवीस-पंचवीस वर्षांची, मला ते फार थोर वाटायचं. आईनं मला दिलेल्या पाटल्या आणि तोडे मोडून आम्ही पहिल्या पेट्या घेतल्या. पावत्या त्याच्या नावानं झाल्या, बँकेचं कर्ज त्याच्या नावानं, मधाच्या बाटलीवरचं नाव त्याच्याच नावानं नोंदवलेलं. दोघांचं एकच तर आहे, मग दोन-दोन सह्या कशाला, असं तेव्हा म्हणालेलं मला आठवतं. म्हणाला तो, मान मी हलवली.

दिवाळी झाली आणि एका संध्याकाळी मी मध काढायचं यंत्र धूत असताना तो मागे येऊन उभा राहिला. विजापुरे काजूवाल्यांच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं. माघात मुहूर्त होता. हे त्यानं इतक्या हळू आवाजात सांगितलं की मला नळ बंद करून पुन्हा विचारावं लागलं.

"आणि हे सगळं?" मी विचारलं.

"हे सगळं माझ्या नावावर आहे, नीलू. पण मी काही वाईट माणूस नाही. तुला मी काहीतरी देईनच." मग थोडं थांबून म्हणाला, "कायद्यानं बघायला गेलं तर आपलं नातंच नाही ना काही."

लग्न नको म्हणायला त्याच्याकडे तत्त्व होतं, आणि आता द्यायचं नाही म्हणायला कायदा. मी यंत्र धुऊन पालथं घातलं. रडले वगैरे नाही. ह्याला रडवायचं, एवढं मात्र त्याच वेळी ठरवलं. कसं, ते ठाऊक नव्हतं. गडहिंग्लजच्या एका वकिलाकडे जाऊन आले. ते भले गृहस्थ, पण त्यांनीही चष्मा काढून पुसला आणि वर्षं लागतील असं सांगितलं. मला एवढा धीर नव्हता.

तातोबा मध्ये पडला म्हणून निदान वाटणी तरी निघाली. आपल्या जमिनीवरून एकही पेटी हलणार नाही, आधी दोघांनी बसून मिटवा, असं त्यानं श्रीरंगला तोंडावर सांगितलं आणि वाटेवर बैलगाडी आडवी लावली. शिवाय विजापुऱ्यांनाही जावयाच्या मागे काही लचांड नको होतं. तेव्हा श्रीरंग उदार झाला.

मला वाटे घालायला एक दिवस मिळाला.

तो दिवस मी उतारावर फिरण्यात घालवला. वरच्या टोकाला एक काळा खडक आहे, मोबाइलला रेंज तेवढ्या एकाच ठिकाणी येते. तिथं बराच वेळ बसले. मग खाली आले आणि वाटे घातले.

दुसऱ्या दिवशी तातोबा, त्याचा चुलतभाऊ आणि श्रीरंग शेडसमोर आले. एका बाजूला मी भरलेल्या चाळीस पेट्या ठेवल्या होत्या, म्हणजे ठेवल्या कुठल्या, त्या आपापल्या स्टँडवरच होत्या, मी फक्त त्यांच्यावर खडूनं खूण केली होती. त्याच वाट्यात मध काढायचं यंत्र, बाटल्या, लेबलं, सगळी गिऱ्हाइकं आणि सांगोल्याच्या डाळिंबवाल्यांचं काम. ते काम मोठं होतं. आंबे बहारासाठी, म्हणजे डाळिंबाला उन्हाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या फुलांसाठी, त्यांना चाळीस पेट्या हव्या होत्या आणि श्रीरंगनं त्यांच्याकडून आगाऊ रक्कम उचलून लग्नाचं कार्यालय सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या वाट्यात शेड, भाड्याची जागा, रिकामे खोके, मेणाच्या जुन्या चौकटी, आणि पंधरा अशक्त पेट्या. पावसाळ्यानंतर मी नवीन राण्या वाढवल्या होत्या, त्यांच्या त्या. एकेकीत मूठ-दोन मूठ माश्या. उघडून पाहिल्या तर दया यावी.

तातोबानं दोन्हीकडे पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"बाई, डोकं फिरलंय का तुमचं? असं वाटं घालत्यात? एकीकडं दुभती म्हस, दुसरीकडं दावं."

"उचलू दे त्याला."

"अवो, ते दावं उचलंल व्हय?"

"नाही उचलणार. माहीत आहे मला."

श्रीरंग दोन्ही वाट्यांमधून फिरला. त्याला वाटलं यात काहीतरी गोम आहे. आठ-दहा पेट्या त्यानं स्वतः उघडून पाहिल्या. आतून माश्या उतू जात होत्या. राणी आहे का, तेही शोधलं. राणी होती. मग तो माझ्याकडे वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर चक्क कणव होती.

"नीलू, नक्की ना? नंतर म्हणशील मी फसवलं."

"नाही म्हणणार."

"तुला नवीन सुरुवात करायचीय, खरं ना? जुनं काही नकोय."

"असं समज."

त्यानं खडूची खूण असलेल्या पेटीवर हात ठेवला. "हा वाटा माझा."

"झालं," तातोबा म्हणाला. त्यानं दोघांच्या हातावर गूळ ठेवला. गूळ खाल्ला की वाटणी फिरत नाही, अशी त्यांच्याकडे रीत आहे. मी माझा तुकडा लगेच तोंडात टाकला. श्रीरंगनं चघळत चघळत खाल्ला.

संध्याकाळी टेम्पो आला. दिवस मावळून सगळ्या माश्या आत शिरल्यावर पेट्यांची दारं जाळीनं बंद करायची, मग हलवायच्या, हे श्रीरंगला येत होतं. एवढ्या वर्षांत तेवढं शिकला होता. मी हात लावला नाही. दारात उभी राहून बघत होते.

"कुठं ठेवणार आहेस?" मी विचारलं, जसं काही त्याच्या फोनवरच्या बोलण्यातून मला ते आधीच कळलं नव्हतं.

"विजापुऱ्यांच्या काजूच्या बागेत. आठवडाभर तिथं ठेवतो, रंग देऊन घेतो, मग चौगुले येऊन बघून जातील आणि तिथूनच सांगोल्याला." चौगुले म्हणजे डाळिंबवाल्यांचा माणूस. प्रत्येक पेटीत आठ चौकटी माश्यांनी झाकलेल्या हव्यात, ही त्याची अट होती, आणि तो एकेक झाकण उघडून बघायचा. "आणि काळजी करू नकोस, तुझ्या माश्या काही माघारी यायच्या नाहीत. तीन किलोमीटरच्या पुढे नेलं की त्यांना जुनी जागा सापडत नाही. तूच शिकवलंयस."

"हो. मीच."

"चौदा किलोमीटर आहे. मी परवा मीटर लावून पाहिलं."

"चौदा म्हणजे पुष्कळ झालं," मी म्हणाले.

माझा आवाज इतका सरळ निघाला की माझं मलाच कौतुक वाटलं.

टेम्पो वळणाआड गेला. मी तातोबाला हाक मारली, आणि आम्ही दोघांनी मिळून माझ्या त्या पंधरा केविलवाण्या पेट्या उचलून श्रीरंगच्या रिकाम्या स्टँडवर मांडल्या, थोड्या थोड्या अंतरानं, दारं पूर्वीसारखीच पूर्वेला. प्रत्येकीवर एक जास्तीचा खोका चढवला, आत जुन्या चौकटी लावल्या.

"ह्या मूठभर माश्यांस्नी दोन माळ्याचं घर कशापायी?" तातोबानं विचारलं.

"पाहुणे येणार आहेत."

बाईला धक्का बसलाय, असं त्याला वाटलं असणार. घरी गेल्यावर त्यानं बायकोच्या हाती माझ्यासाठी आमटी पाठवली.

सकाळी मी चहाचा पेला घेऊन काळ्या खडकावर जाऊन बसले. समोर दरी. दरीपलीकडे विजापुऱ्यांची काजूची बाग आणि तिच्यातली निळ्या पत्र्याची शेड. रस्ता आमच्या उतारावरून खाली गावात जातो, तिथून नदीच्या पुलावर, मग डोंगराला वळसा घालून पुन्हा चढतो. गाडीवाल्याला ते चौदा किलोमीटर पडतात. पण खडकावर बसलं की समोरच्या बागेतलं कुत्रं भुंकलेलं ऐकू येतं. मधे जेमतेम सव्वा किलोमीटर हवा आहे. श्रीरंग अकरा वर्षं गाडी चालवत होता. या खडकावर तो फोन कानाला लावूनच यायचा, आणि फोनवर बोलणारा माणूस समोर बघत नाही.

माशीला पुलाशी काय घेणंदेणं?

ऊन खाली उतरलं तशी पहिली आली. मग पाच-सात. मग हवेत एक धूसर पट्टा दिसायला लागला, दरीवरून थेट आमच्या उताराकडे. कामाला बाहेर पडलेल्या माश्या. रात्रभर कोंडल्या होत्या, दार उघडल्यावर उडाल्या, वर जाताच त्यांना ओळखीचा डोंगर दिसला, ओळखीची झाडं दिसली, आणि पोटात मध भरून त्या नेहमीच्या ठिकाणी परतत होत्या. स्टँडवर पेटी होती. दार पूर्वेलाच होतं. भरल्या पोटानं आलेल्या माशीला दारावरच्या माश्या सहसा अडवत नाहीत. थोडी झटापट झाली, थोड्या मेल्या, बाकीच्या आत गेल्या.

तिसऱ्या दिवसापर्यंत माझ्या पंधराच्या पंधरा पेट्या तुडुंब झाल्या. वरचे माळेही भरले. तातोबा डोक्याला टॉवेल गुंडाळून लांबून बघत होता.

"बाई, ही चोरी न्हवं का?"

"मी आणायला गेले होते का?"

तो विचारात पडला. मग त्याच्या पोटातून हसू वर आलं आणि तो खाली बसूनच हसला. "न्हाई खरं. गेलाच न्हाई तुमी."

श्रीरंगला कळलं नाही, कारण तो पेट्यांपाशी नव्हताच. पत्रिका वाटत होता. विजापुऱ्यांचा गडी पेट्यांना हिरवा रंग देत होता, आणि माश्या कमी चावतायत म्हणून खूश होता.

चौगुले आठव्या दिवशी आला. पुढचं मला त्यानंच सांगितलं. पहिली पेटी उघडली तर चार चौकटींवर माश्या, त्याही सगळ्या कोवळ्या, अजून घराबाहेर न पडलेल्या. दुसरी तशीच. दहावी पाहून झाल्यावर त्यानं झाकण ठेवलं आणि आगाऊ रक्कम परत मागितली. श्रीरंग म्हणाला नवीन जागा आहे, सवय व्हायला वेळ लागतो. चौगुले वीस वर्षं हेच काम करत होता. तो गाडीत बसला आणि चौदा किलोमीटर फिरून माझ्याकडे आला. "तिकडच्या माश्या कुठं गेल्या असतील, याचा मला अंदाज आला," एवढंच म्हणाला. माझ्या पंधरा पेट्या त्यानं जागेवर ठरवल्या. बाकीच्या तो दुसरीकडून घेणार होता. पुढच्या वर्षीचं सगळं काम मला द्यायचं बोलून गेला.

दुसऱ्याच दिवशी दुपारी श्रीरंग आला. गाडीनं नाही. दरी उतरून, ओढा ओलांडून, चढून आला. पँटला कुसळं चिकटली होती, एका चपलेचा अंगठा तुटला होता. धापा टाकत तो शेडसमोर उभा राहिला आणि त्यानं स्टँडवरच्या पेट्या पाहिल्या. प्रत्येकीच्या दारावर माश्यांचा घोस लोंबत होता.

"पाऊण तास," तो म्हणाला. "चालत फक्त पाऊण तास लागला मला."

"माशीला चार-पाच मिनिटं लागतात."

"तुला माहीत होतं."

"मला नाही तर कोणाला असणार?"

"या माश्या माझ्या आहेत, नीलू."

"असतील. तुझ्या कुठल्या त्या ओळखून काढ आणि घेऊन जा. मी पाणीसुद्धा देते तोपर्यंत."

तो ओरडेल असं मला वाटलं होतं. तशी माझी तयारी होती, खरं सांगायचं तर मी वाटच बघत होते. पण तो ओरडला नाही. पायरीवर बसला, डोकं हातात धरलं. मी पाणी दिलं. प्यायला. मग त्यानं वर पाहिलं, आणि तो चेहरा मला चांगला ओळखीचा होता. गिऱ्हाईक हातचं जायला लागलं की तो हाच चेहरा काढायचा.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय मला यातलं काही जमत नाही. आणि तुलाही एकटीला विक्री जमणार नाही. नीलू, आपण लग्न करू."

खोटं कशाला बोलू, काळजात हललं काहीतरी. अकरा वर्षं ज्या वाक्याची मी वाट पाहिली नाही असं सगळ्यांना सांगत होते, ते ऐकून माझा हात आपोआप केस सारखे करायला गेला. आणि याच गोष्टीचा मला जास्त संताप आला. दिवाळीनंतरच्या त्या संध्याकाळीसुद्धा मला एवढा राग आला नव्हता.

"खरंच म्हणतोस?"

"आईशप्पथ. नोंदणी करू. उद्या म्हणालीस तर उद्या. पेट्या, जागा, सगळं दोघांच्या नावावर."

"आणि विजापुऱ्यांची मुलगी?"

"ते मी मोडतो."

"मग मोड," मी म्हणाले. "आत्ता. माझ्यासमोर. नाहीतर मी विश्वास कसा ठेवू?"

पेट्यांकडे त्याची नजर गेली. मग उठला आणि तुटकी चप्पल फरफटत काळ्या खडकावर चढला. मी मागोमाग गेले. त्यानं फोन लावला. पलीकडे विजापुरे स्वतः होते. आधी श्रीरंग मऊ आवाजात बोलत होता, मग पलीकडचा आवाज चढला, इतका की मला दोन हातांवरून ऐकू येत होता. कार्यालय, पत्रिका, पाहुणे, बागेतली जागा, सगळं निघालं. तुझ्या पेट्या आज संध्याकाळपर्यंत उचल नाहीतर दरीत ढकलून देतो, असंही म्हणाले. "नाही, माझा निर्णय झालाय," श्रीरंग म्हणत राहिला. "माझं आधीच कोणाशीतरी... हो. हो, तीच." हे शेवटचं त्यानं माझ्याकडे बघून म्हटलं, मोठा त्याग केल्यासारखं.

फोन बंद करून त्यानं घाम पुसला. हसला. तेच हसणं.

"झालं. मोडलं. आता सांग, कधी जायचं कचेरीत?"

"बरं केलंस," मी म्हणाले. "ती पोरगी सुटली."

"आणि आपलं?"

"आपलं काय?"

"नीलू, थट्टा पुरे. मी आत्ता तुझ्यासाठी सगळं..."

"माझ्यासाठी नाही. पंधरा पेट्यांसाठी. आपली वाटणी झालीये श्रीरंग, माणसांसमोर झालीये. आधी तू उचललंस. उरलं ते माझं."

त्याला समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर तो काहीतरी बोलला, शिव्याच असाव्यात, मग माझं नाव घेऊन हाका मारल्या, मग हात जोडले. मी खडकावरून खाली उतरले. शेडमध्ये येऊन दार लोटून घेतलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. सूड घेऊन मन रितं होतं, असं मला पुष्कळ जणांनी समजावलं आहे. होत असेल कोणाचं. त्या दुपारी बाहेर श्रीरंग हाका मारत होता आणि मी तव्यावर भाकरी टाकली, तातोबाच्या घरून सकाळी आलेली आमटी गरम केली, आणि पोटभर जेवले.